एका चिरलेल्या तुसाची नोंद

प्रकल्प : ब्रोमस इंटरप्टस या गवतावर मराठी कोशासाठी लेख. 600 शब्द, एक रेखाचित्र. मुदत जूनअखेर.

6 एप्रिल 2024

पुण्याहून ताईंचा फोन. कोशाच्या पुरवणीत ‘संपल्या म्हणून जाहीर झालेल्या आणि पुन्हा मिळालेल्या वनस्पती’ असा एक गट आहे. त्यातलं एक नाव कोणीच उचललं नव्हतं. "इंग्लंडमधलं गवत आहे, तू तिथेच असतेस, तूच लिही." इंग्लंडमध्ये राहणाऱ्याला तिथलं प्रत्येक गवत ओळखता येतं असा एक गोड समज आहे. हो म्हणून टाकलं. कोल्हापुरात एमएस्सी करताना गवतांच्या प्रॅक्टिकलला मी रडकुंडीला आले होते, हे काही ताईंना सांगितलं नाही.

आज नुसता सांगाडा मांडला. 1849 मध्ये केंब्रिजशरमधल्या ऑड्सी इथे मिस ए. एम. बार्नार्ड यांनी पहिला नमुना गोळा केला. 1972 मध्ये त्याच परगण्यात ते रानात शेवटचं दिसलं. 1979 मध्ये कुंडीतून लोकांसमोर आलं. 2004 मध्ये ऑक्सफर्डशरच्या ॲस्टन रोवंट इथे पुन्हा जमिनीत गेलं. ॲस्टन रोवंट आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. इतकी वर्षं त्याच्या बाजूने मोटरवेवरून लंडनला जातेय आणि मला पत्ता नाही.

हे गवत इंग्लंडचा दक्षिण आणि मध्य भाग सोडून जगात कुठेच रानात उगवत नव्हतं. म्हणजे 1972 ला गेलं ते पृथ्वीवरूनच गेलं, असं सगळे धरून चालले होते.

9 एप्रिल

पहिल्याच वाक्यात अडले. ‘ब्रोमस इंटरप्टस ही ब्रोमस या ___ मधील एक ___ आहे.’ गाळलेल्या जागा भरा.

मराठी विश्वकोशाच्या वनस्पतींच्या नोंदींत मोठा गट ‘प्रजाती’ आणि त्यातला एकेक सभासद ‘जाती’. वर्तमानपत्रं काढली की नेमकं उलटं, तिथे वाघही ‘प्रजाती’ आणि बेडूकही ‘प्रजाती’. शाळेच्या पुस्तकांत कुठे हे, कुठे ते. एरवी मी खांदे उडवून पुढे गेले असते. पण या गवताचं सगळं भांडणच पायरीचं आहे. ती स्वतंत्र जाती की दुसऱ्या जातीचा एक प्रकार, यावर सव्वाशे वर्षं कागद काळे झालेत. ते भांडण मराठीत सांगायचं, तर पायरीचे शब्द तरी पक्के हवेत.

तात्पुरता निर्णय : विश्वकोशाप्रमाणे ‘प्रजाती’ मोठी, ‘जाती’ तिच्या पोटात, ‘प्रकार’ जातीच्या पोटात. ताईंना विचारायचं.

मराठी नाव ‘तुटक ब्रोम’ ठरवलं. याचा फुलोरा सलग भरत नाही. कणिशकांचे, म्हणजे बारीक फुलांच्या छोट्या कणसांचे, झुबके एका दांड्यावर बसतात आणि मधेमधे उघडा दांडा दिसतो, गजरा ओवताना मधली फुलं गळून पडावीत तसा. ‘खंडित ब्रोम’ सरकारी आदेशासारखं वाटलं.

14 एप्रिल

आजचा दिवस जॉर्ज क्लॅरिज ड्रूस या माणसावर गेला. लेखात त्याला दोन ओळी मिळतील, म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिते.

जन्म 1850, नॉर्दॅम्प्टनशरमधला. औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करून शिकलेला. 1879 मध्ये ऑक्सफर्डला आला आणि हाय स्ट्रीटवर स्वतःचं औषधाचं दुकान टाकलं. दुकान सांभाळून परगणेच्या परगणे पायी पालथे घातले. 1900 मध्ये शहराचा महापौरही झाला. 1932 मध्ये गेला तेव्हा सुकवलेल्या नमुन्यांचा अवाढव्य संग्रह ऑक्सफर्ड विद्यापीठाला ठेवून गेला. त्या रस्त्यावरून मी दर आठवड्याला जाते. काउंटरवर खोकल्याचं औषध बांधून देणारा आणि संध्याकाळी भिंग लावून बसणारा दुकानदार आता मला तिथे दिसायला लागलाय.

याच ड्रूसने 1895 मध्ये ठामपणे मांडलं की हे गवत वेगळी जाती आहे. त्याच्याआधी ऑस्ट्रियाच्या एडुआर्ट हॅकेलने, जो त्या काळचा गवतांतला मोठा जाणकार, त्याला ब्रोमस मॉलिसचा एक प्रकार ठरवलं होतं. म्हणून पूर्ण शास्त्रीय नावात, जिथे नाव देणाऱ्याचंही नाव जोडतात, आजही दोघं शेजारी बसलेत. कंसात हॅकेल, बाहेर ड्रूस. भांडणाचे दोन्ही पक्षकार कायमचे एका नावात.

ब्रोमस मॉलिसला आज ब्रोमस हॉर्डेशियस म्हणतात, कारण लिनियसने ते नाव आधी, 1753 मध्ये दिलं होतं. हे वाक्य लेखात नको. वाचक पळतील.

21 एप्रिल

दोन्ही बाजू स्वतःला समजतील अशा भाषेत लिहून पाहते.

गवताच्या प्रत्येक बारीक फुलाला दोन आवरणं असतात. बाहेरचं जाड, बहुधा टोकाला कुसळ असलेलं. आतलं पातळ, पारदर्शक. भाताचा दाणा सोलताना दोन टरफलं निघतात, तीच ही जोडी. रस्त्याकडेला पैशाला पासरी मिळणाऱ्या मऊ ब्रोममध्ये, म्हणजे हॉर्डेशियसमध्ये, आतलं तूस अखंड असतं. तुटक ब्रोममध्ये ते तळापर्यंत उभं चिरलेलं असतं, दोन फाकी वेगळ्या. ब्रोमसमध्ये ही चीर म्हणजे याची ओळखखूण. बाकी फरक म्हणजे झुबक्यांचा फुलोरा. उंची, लव, पानं यांवरून शेताच्या बांधावर उभं राहून कोणी छातीठोक सांगू शकणार नाही.

ड्रूसची बाजू : चीर आणि फुलोरा ही दोन्ही लक्षणं एकत्र येतात, पिढ्यानपिढ्या टिकतात, बी पेरलं की तसंच उगवतं. मग जाती म्हणायला आणखी काय हवं?

उलट बाजू : ही एकवर्षायू ब्रोम बहुतेक स्वपरागित. स्वतःचं बी स्वतःच धरणाऱ्या झाडात कुठलीही विकृती पिढ्यानपिढ्या टिकते, तो काही जाती असल्याचा पुरावा नव्हे. गुणसूत्रं दोघांचीही 28. आणि चिरलेलं तूस म्हणजे एखाद्याच जनुकातली चूक असू शकते.

खरं सांगायचं तर मला दुसरी बाजू जड वाटते. पोरांपैकी एकाला सहा बोटं असली म्हणून आपण त्याला वेगळ्या कुळातलं म्हणत नाही. पण हे कोशात लिहायचं नाही. तिथे माझं मत कोणी मागितलेलं नाही.

3 मे

आईचा फोन. ती चंदगडला. तिला गवताचं सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "गुरं खातात का?"

मग तिला सॅनफॉइनचं सांगितलं. लसूणघासासारखं गुलाबी फुलांचं चाऱ्याचं पीक, इथल्या चुनखडीच्या जमिनीत चांगलं येतं, घोड्यांसाठी लावायचे. तुटक ब्रोम जास्त करून याच पिकात, नाहीतर क्लोव्हर आणि रायग्रासच्या रानात सापडायचं. सॅनफॉइनच्या बियांत याचं बी मिसळून यायचं आणि शेतकरी दरवर्षी दोन्ही पेरायचा, एक पैसे देऊन आणि एक फुकट.

"मग पाखडत नव्हते होय?" आई म्हणाली.

तिने एका वाक्यात पूर्ण परिच्छेद उरकला. पाखडायला लागले आणि ते गेलं. विसाव्या शतकात बियाणं साफ करायची यंत्रं सुधारली, घोडे जाऊन ट्रॅक्टर आले, सॅनफॉइनची रानं कमी झाली, तणनाशकं आली. ब्रोमच्या बियांची झोपही फार लांब नसते. खसखशीसारखं वर्षानुवर्षं मातीत दबा धरून बसणं त्यांना जमत नाही. एक-दोन हंगाम कोणी पेरलं नाही की संपलं. माणसाच्या ओंजळीतून पेरलं जाण्याची सवय लागलेलं तण.

आईला विचारलं, तू बी कसं ठेवायचीस? "मडक्यात, राख घालून. तुझ्या आजीचं वांग्याचं बी अजून आहे की." अजून आहे म्हणजे तेच नाही, त्याच्या वंशातलं. दरवर्षी लावून दरवर्षी धरलेलं.

11 मे

घरचं की पाहुणं, हा या गवताचा आणखी एक तंटा. सॅनफॉइनचं बियाणं युरोपातून यायचं, तेव्हा हेही त्यातूनच आलं असणार, असं एक म्हणणं. पण युरोपात त्याचं मूळ घर कुठेच सापडलं नाही. दुसरं म्हणणं, मऊ ब्रोमपासून ते इथल्याच शेतात वेगळं झालं असावं. तसं असेल तर हे इंग्लंडचं सगळ्यात अस्सल गवत, कारण त्याला दुसरा देशच नाही. आणि तरीही अस्सल रानातलं नव्हे, नांगराच्या मागे जन्मलेलं. ‘देशी’ शब्दाची इतकी फजिती मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

लेखात : ‘उगम वादग्रस्त.’ दोन शब्द. इथे तरी लिहिलं हे बरं.

18 मे

संध्याकाळी लेकीला घेऊन कालव्याच्या रस्त्याने गेले. मऊ ब्रोम भरपूर. पानाला हात लावला की मखमल. पंधरा-वीस काड्या घरी आणल्या, खिडकीत पाणी घालून जॅमच्या बाटलीत ठेवल्या. लेक रेखाचित्र काढणार आहे. तिची अट अशी की तिने जे पाहिलं नाही ते ती काढणार नाही. मग तुटक ब्रोम कसं काढणार? तडजोड अशी : आधी मऊ ब्रोमचं अखंड तूस डोळ्यांनी पाहून काढायचं, मग शेजारी तेच चिरलेलं.

आतल्या तुसाला मराठी शब्द शोधत बसले. ‘अंतस्तुष’ पुस्तकी आहे पण बरोबर आहे. घरात आम्ही ‘आतलं तूस’च म्हणतो. लेखात एकदा अंतस्तुष, पुढे आतलं तूस.

26 मे

आज आठच्या सुमाराला मी किंचाळले.

दहापट भिंगाखाली एकेक कणिशक उकलत होते. अकराव्या का बाराव्या फुलातलं आतलं तूस तळापर्यंत दुभंगलेलं! दोन फाकी, दोन्ही कडांना बारीक केसांची झालर. लेक धावत आली, नवरा चहा टाकून आला. त्या पाच मिनिटांत माझं नाव ड्रूसच्या पुढे कंसाबाहेर लागलं होतं.

मग शेजारचं फूल उघडलं. अखंड. त्याच्या शेजारचं, अखंड. पुन्हा पहिल्याकडे पाहिलं तर चिरेची कड कुरतडल्यासारखी. आतल्या तुसाला दोन कणे असतात आणि त्यांच्यामधला पडदा कांद्याच्या पापुद्र्यासारखा. माझं नख तिथून गेलं होतं. खऱ्या तुटक ब्रोममध्ये ही चीर एखाद्या फुलात नसते, सगळ्यांत असते.

लेक म्हणाली, "आई, तू आत्ता एक नवीन जाती बनवलीस." तिला पायरीचा वाद समजलेला दिसतो.

यापुढे सुई वापरणे.

2 जून

आता ती कुंडी.

फिलिप स्मिथ हे एडिंबरा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ. एकवर्षायू ब्रोमांच्या बियांतली प्रथिनं रक्तजल परीक्षेने तपासून कोण कोणाच्या किती जवळचं ते शोधायचं, हे त्यांचं काम. 1963 मध्ये त्यांनी तुटक ब्रोमचं बी त्याच्या शेवटच्या ठिकाणाहून गोळा केलं होतं आणि एडिंबरात ते वाढवत राहिले. पेरायचं, पिकलं की बी धरायचं, पुन्हा पेरायचं. तिकडे 1972 नंतर गवत दिसेना, संपलं म्हणून नोंदलं गेलं. 1979 मध्ये ब्रिटनमधल्या वनस्पती अभ्यासकांच्या बैठकीत स्मिथ एक कुंडी घेऊन गेले. कुंडीत तुटक ब्रोम.

मला सगळ्यात आवडतं ते हे, की त्यांनी ते जगवण्यासाठी जगवलं नव्हतं. नात्यागोत्याच्या अभ्यासाला ताजं बी लागतं म्हणून ते हाताशी होतं. म्हणजे ‘ही जाती आहे की नाही’ हा प्रश्न कोणाला तरी छळत होता म्हणून ते गवत उरलं. ड्रूसने तो हट्ट धरला नसता आणि हे हॅकेलचा एक प्रकार म्हणूनच पडून राहिलं असतं, तर 1972 मध्ये काही हरवलं असं तरी कोणाला वाटलं असतं का? मऊ ब्रोम तर जिकडेतिकडे होतंच.

21 एप्रिलच्या नोंदीतलं सहा बोटांचं वाक्य वाचून आज जरा ओशाळले. खोडत नाही, ठेवते.

पुढचं भराभर. त्या वंशाचं बी वनस्पती उद्यानांत आणि लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या वेकहर्स्ट इथल्या बीजपेढीत गेलं, वाढवलं गेलं आणि 2004 मध्ये ॲस्टन रोवंटच्या राखीव क्षेत्रात पेरलं. रानातून पूर्ण नाहीशी झालेली वनस्पती ब्रिटनमध्ये पुन्हा रानात लावण्याची ही पहिलीच खेप मानतात.

बेल्जियममध्ये याचा एक चुलत भाऊ आहे, आर्देनचा ब्रोम, ब्रोमस ब्रोमॉइडिस. तोही शेतातलं तण, तोही संपला म्हणून सोडून दिलेला, आणि 2005 मध्ये तिथल्या वनस्पती उद्यानाच्या बियांच्या साठ्यात सापडला. या खानदानाला पाकिटात लपून बसायची खोडच दिसते.

8 जून

ॲस्टन रोवंट. सकाळी नऊला पोचलो. चिल्टर्न टेकड्यांचा पांढरा खडूचा उतार, मधोमध टेकडी कापून नेलेला एम 40 मोटरवे, त्याची घरघर कुठेही उभं राहिलं तरी कानात. डोक्यावर तांबड्या घारी. या घारीही इथून संपल्या होत्या, 1989 पासून परत आणून सोडलेल्या. आता इतक्या आहेत की लोक सहलीला डबा उघडायला घाबरतात.

आम्ही पायवाट सोडली नाही आणि राखीव क्षेत्रात काडी तोडली नाही. गुडघ्यांवर बसून, न तोडता, भिंग गवताला भिडवून दोन तास पाहिलं. लोक थांबून विचारत होते काही हरवलंय का. लेकीने दर वेळी "हो, 1972 मध्ये" असं उत्तर दिलं.

मऊ ब्रोम दिसलं. उभं ब्रोम भरपूर, ते तर या उतारांचं घरचंच. तुटक ब्रोम आम्हाला दिसलं नाही. आणि त्यात नवल काय? ते या चराऊ उतारावरचं गवत नव्हेच, त्याला दर शरदात उकरलेली माती लागते. कोणी नांगरलं तर ते आहे. हे मला 3 मेलाच आईने सांगितलं होतं, एका अर्थी.

येताना गाडीत नवरा म्हणाला, "दोन तास, आणि फोटो एकही नाही." घारींचे आहेत.

12 जून

ताईंनी कच्चा खर्डा वाचला. त्यांची शंका : मराठी वाचकाला इंग्लंडमधलं एक तण कशाला? शेवटी चार ओळींत आपल्याकडचं काही जोडता येईल का?

जोडायला लांब जावं लागत नाही, माहेरच्या तालुक्यातच आहे. हबार्डिया हेप्टान्यूरॉन. 1919 मध्ये सेजविक आणि बेल यांनी गिरसप्पाच्या धबधब्याच्या तुषारांत गोळा केलेलं नाजूक गवत. क्यूच्या एन. एल. बोर यांनी 1951 मध्ये त्याच्यासाठी नवी प्रजातीच उभी केली आणि गवतांचे जाणकार सी. ई. हबार्ड यांचं नाव दिलं. मग शरावतीवर धरणं झाली, लिंगनमक्कीचं 1964 मध्ये. धबधब्याचं पाणी माणसाच्या चावीवर आलं आणि तुषारांवर जगणारं ते गवत पुन्हा दिसलं नाही. संपलं असंच मानलं गेलं. ते परत मिळालं कोल्हापूर जिल्ह्यातल्या तिलारी घाटात, आमच्या शिवाजी विद्यापीठाच्या डॉ. एस. आर. यादव आणि सहकाऱ्यांना.

त्याचंही कूळ भांडणातलं. आधी एकट्या त्याच्यासाठी वेगळी जमात, म्हणजे प्रजातीच्या वरची पायरी, केली होती, एक प्रजाती आणि तीत एकच जाती. आता त्याला आयसॅक्नी नावाच्या गवतांच्या जमातीत बसवतात, उपकुलही बदललं. आणि 2012 मध्ये सह्याद्रीतूनच त्याची बहीण नोंदली गेली, हबार्डिया डायअँड्रा, दोन पुंकेसरांची. एकटं म्हणून ज्याला वेगळी चूल मांडून दिली, त्याला नातेवाईक निघाले.

दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मात्र मी लिहिणार नाही. एकाला माणसाची ओंजळ हवी होती, दुसऱ्याला माणसाचा हात लागला म्हणूनच ते पहिल्या घरातून गेलं. ताईंना चार ओळी दिल्या, तुलना दिली नाही.

20 जून

कापाकापी. 940 शब्दांचे 600 केले. ड्रूसचं दुकान गेलं, महापौरपद गेलं, घोडे राहिले. मुख्य वाक्य असं बसवलं : ‘हॅकेलने मऊ ब्रोमचा प्रकार म्हणून वर्णिलेले हे गवत ड्रूसने 1895 मध्ये स्वतंत्र जाती मानले, अंतस्तुष तळापर्यंत दुभंगलेले असणे ही त्याची मुख्य खूण असून त्याचा दर्जा व उगम यांबाबत मतभेद आहेत.’ कोरडं आहे. कोशाला कोरडंच लागतं.

लेकीचं चित्र पूर्ण. डावीकडचं अखंड तूस सुरेख, झालरीचा केस न् केस. उजवीकडचं चिरलेलं, आणि खाली बारीक अक्षरात : ‘हे मी पाहिलेलं नाही.’ ती ओळ मी खोडली नाही. ताई खोडतील.

27 जून

पाठवलं. तासाभरात ताईंचं उत्तर : लेख ठीक, चित्र उत्तम, खालची ओळ काढावी लागेल. ‘जाती’ म्हणायचं की ‘प्रजाती’ यावर मंडळात अजून एकमत नाही, पुढच्या बैठकीत ठरेल, तोवर ती जागा कोरी ठेवतोय.

खिडकीतल्या बाटलीतलं ब्रोम वाळून पार कोळ झालंय, ओट्यावर बी सांडलंय. झाडून टाकणार होते. लेकीने सगळं एका पाकिटात भरून वर आजची तारीख घातली. नाव लिहिलंय, ‘ब्रोम, बहुतेक मऊ’.